मंगळसूत्र राहू द्या, ताई

घाटकोपरच्या त्या केसमधली सून अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. कपाळाला कुंकू, गळ्यात हळदीने पिवळा केलेला नुसता दोरा, आणि शेजारी तिला लबाड म्हणणारी सासू. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा उपनिरीक्षक होतो.

फसवणाऱ्यांना आपल्या भाषेत नावांची ददात नाही. भामटा, ठग, लफंगा, चारसोबीस, काय वाटेल ते म्हणा. कुणी टोपी घातली म्हणतो, कुणी चुना लावला म्हणतो, आणि लोकांच्या लेखी सगळं सारखंच. पोलीस ठाण्यात तसं चालत नाही. पोलीस नसताना पोलिसाचा रुबाब करतो तो तोतया. खोटीनाटी भीती घालून माल काढून घेणं, याला आम्ही बतावणी म्हणायचो. त्या वर्षी आमच्या हद्दीत दोन्ही एकत्र आलं होतं.

झालं असं की, ही सून बाजारातून परतताना साध्या वेशातल्या दोघांनी तिला अडवलं. आखूड कापलेले केस, तांबडे बूट, बोलण्यात जरब. पुढच्या गल्लीत खून झालाय, वरून हुकूम आहे, अंगावरचं सोनं काढून पुडीत बांधा, असं त्यांनी सांगितलं. पुडी बांधून एकाने स्वतःच तिच्या पिशवीत ठेवली. घरी येऊन उघडली तर आत खडे.

सासू मालवणकडची, जिभेची तिखट. सासरे गिरणीतून घरी बसलेले, त्यामुळे घरात सोनं होतं ते एवढंच. सुनेच्या गळ्यावर ओरखडा नाही, तिने आरडाओरडा केला नाही, आणि नुकताच तिचा भाऊ गावाहून येऊन गेलेला. सोनं भावाला दिलं आणि हा बनाव रचला, असं सासूने नळावर सगळ्या चाळीसमोर बोलून टाकलं होतं. माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "साहेबानू, सवाशीण बाई आपल्या हातान मंगळसूत्र काढता काय?"

नवरा मान खाली घालून उभा होता. सुनेला कायमची माहेरी पोचवायची, असं घरात ठरून गेलं होतं. मला त्या नवऱ्याचा असा संताप आला म्हणून सांगू! पण फिर्याद लिहायची होती, म्हणून कागद पुढे ओढला.

सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिला बोलू दिलं. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब, एक गोष्ट मी घरी बोलले नाही. तो म्हणाला होता, मंगळसूत्र राहू द्या, ताई. मीच विचारलं, हे पण ठेवू का?"

माझं पेन थांबलं. खोटं बोलणारं माणूस स्वतःच्या अंगावर येणारी गोष्ट आपणहून कशाला सांगेल? मी तिचे शब्द जसेच्या तसे फिर्यादीत घेतले, कलमं लावली आणि मनाशी ठरवलं की या दोघांना सोडायचं नाही. सून तोवर मुलुंडला मावशीकडे राहायला गेली.

हद्दीतले सगळे खबरी कामाला लावले. बातमी आणली ती चेंबूरच्या एका सलूनवाल्याने. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक नेमाने पोलीस कटिंग करून घ्यायचं आणि न कुरकुरता पैसे मोजायचं. "साहेब, राग मानू नका," तो म्हणाला, "पण असला पोलीस मी अजून बघितला नाय." टोमणा मला कळला. सापळा लावला आणि तो इसम खुर्चीवरच सापडला.

चौकशीत पठ्ठ्या काही बोलेना. आपण कुठे राहतो, काय काम करतो, याची ठरवून ठेवलेली उत्तरं तेवढी तोंडपाठ म्हणून दाखवायचा. हवालदारांचे हात शिवशिवत होते, पण मी त्यांना आवरलं. या धंद्यातल्या माणसांना मार चालतो, अपमान चालत नाही, एवढं मला कळलं होतं. म्हणून त्याच्यादेखत हवालदारांना सांगितलं, "हा भुरटा चोर आहे. बायकांच्या गळ्यातलं ओरबाडून पळतो. तसंच लिहा."

तो ताडकन सरळ झाला. "भुरटा नका लिहू, साहेब. आपण कुणाच्या गळ्याला हात लावत नाय. मंगळसूत्र तर मागायचंच नसतं. उलट बोलायचं, राहू द्या ताई, सौभाग्याचं लेणं आहे. मग बाईला वाटतं, काय देवमाणूस आहे. ती स्वतः काढून हातात देते."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. कोर्टासाठी मला मुद्देमाल हवा होता. एकदा तोंड उघडल्यावर त्याने जागा दाखवली, पंचांसमक्ष मंगळसूत्र हस्तगत झालं, साथीदारही पकडला. पण ते बोलणं मला दुसऱ्याच एका माणसासाठी हवं होतं.

मी सासूला बोलावून घेतलं. सुनेने फिर्यादीत काय सांगितलं ते वाचून दाखवलं आणि तो तोतया काय बोलला ते ऐकवलं. त्या दिवसानंतर सुनेची आणि त्याची पुन्हा गाठ पडलेली नाही, हेही सांगितलं. म्हातारीने पदर सावरला. मग मावशीबरोबर आलेल्या सुनेकडे बघून म्हणाली, "चल घराक."

सून जागची हलली नाही. "आई, लबाड तुम्ही मला नळावर म्हणालात. तिथंच सगळ्यांना सांगा की मी खोटी नव्हते. मग येते."

सासूने माझ्याकडे बघितलं. मी काही तिच्या मदतीला गेलो नाही. तोतयाला मी कोठडीत टाकू शकत होतो, त्याच्यासाठी कलमं होती. घरच्यांनी विश्वास काढून घेतला त्याला कलम नाही, आणि त्या मुलीला जास्त लागलं होतं ते हेच. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, फसलेल्या बाईची फिर्याद घेताना घरच्यांना आधी बाहेर बसवायचं, हा माझ्या ठाण्यात नियमच झाला.

सासू उठली. "सांगतंय," म्हणाली, "तू माझ्याबरोबर चल."

मी बीट हवालदाराला मागोमाग पाठवलं. तो परत आला तो हसतच. पाणी भरणाऱ्या बायकांना थांबवून म्हातारी म्हणाली होती, माझी सून खोटी नाय, खोटा मीच बोललंय. आणि मग नळाच्या रांगेत लावलेली घरची कळशी भरून, सुनेला हात लावू न देता, स्वतः उचलून घरात गेली.