रिव्होआल लावणारा पोस्टमन

फ्रान्समधल्या आमच्या अत्तरांच्या गावात, ग्रासमध्ये, नाकावर पोट भरणारी माणसं पुष्कळ आहेत. एमे जिरोदो त्यातला नव्हता. त्यानं चौतीस वर्षं टपाल वाटलं, तेही पायी, कारण जुन्या गावातल्या जिन्याजिन्यांच्या गल्ल्यांत सायकल काय कामाची. तो यायच्या आधी त्याचा वास वळणावरून यायचा आणि आम्ही दुकानदार म्हणायचो, आलं रिव्होआल.

रिव्होआल म्हणजे पॅरिसच्या एका मोठ्या कपडेवाल्यानं काढलेलं पुरुषांचं सेंट. आमच्या वडलांच्या पिढीनं लग्नाला लावलं, मुलांनी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला. माझ्या अत्तराच्या दुकानात त्याची चौकोनी बाटली आजही पहिल्या ओळीत असते. एमेनं मात्र माझ्याकडून ती कधी घेतली नाही. त्याची बायको नोएली अत्तराच्या कारखान्यात कच्चा माल तोलायच्या खोलीत होती, तेव्हा तिला ती तिकडून स्वस्तात मिळत असेल, असं मी धरून चालले होते.

नोएली फेब्रुवारीत गेली. ऑक्टोबरमध्ये एमे रिकामी बाटली घेऊन दुकानात आला. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता.

"मादाम, अशीच एक द्या."

मी नवी काढली, त्याच्या मनगटावर थेंब टाकला. त्यानं हुंगलं आणि हात लांब धरला.

"हे नाही."

असं म्हणणारा तो पहिला नव्हता. मी नेहमीचं सांगितलं: नियम बदलले, ओकच्या खोडावरचं दगडफूल पूर्वीइतकं घालता येत नाही, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना फरक जाणवतो. त्याला ते पटलं. मीही मनापासून सांगत होते. कान शहरातल्या एका संग्राहकाकडून मी त्याच्यासाठी तीस वर्षांपूर्वीची, सील न फोडलेली बाटली मागवली. एमेनं ती लावली, खोली तापवणाऱ्या रेडिएटरजवळच्या स्टुलावर बसून वास बसायची वाट पाहिली.

"हेही नाही," तो म्हणाला. "माझंच नाक गेलं असणार."

डॉक्टरनं डोळे बांधून त्याला कॉफी आणि पुदिना हुंगायला दिला. दोन्ही बरोबर ओळखले. नाक ठणठणीत आहे म्हटल्यावर तो जास्तच गोंधळला. नाक ठीक, बाटली जुनी, मग चुकतंय कुठं?

मी त्याला म्हटलं, घरची ती रिकामी बाटली पुन्हा आणा. त्यानं ती धुतली नव्हती, तळाशी पिवळसर ओल होती. झाकण काढून मी नाकाशी नेली. रिव्होआलमधला लॅव्हेंडर नावालाही नव्हता. संत्र्याची फुलं होती, वाळलं गवत होतं आणि त्यामागे तंबाखूचं पान. मी बाहेर जाऊन मोकळी हवा घेतली, परत येऊन पुन्हा हुंगलं.

"मस्यू जिरोदो, हे रिव्होआल नाही."

"बाटलीवर लिहिलंय की."

"बाटलीवर लिहिलंय, खरं आहे."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता डोळे बांधून पुदिना मलाच हुंगायला द्यावा. मलाही माझीच लाज वाटत होती. इतकी वर्षं तो वास माझ्या दारावरून जात होता आणि मी अत्तरवाली असून लोकांबरोबर रिव्होआल म्हणत होते.

आठवडाभर तो फिरकला नाही. मग एका शनिवारी बाजार उठल्यावर तो सोलांजला घेऊन आला. सोलांज नोएलीबरोबर त्याच तोलायच्या खोलीत एकतीस वर्षं होती. तिनं पिशवीतून फुगासेत, आमच्याकडचा गोड पाव, काढून काउंटरवर मोडली, आम्हाला एकेक तुकडा दिला.

"सोलांज, तू सांग यांना," एमे म्हणाला. "हे कसलं सेंट आहे?"

सोलांजनं बाटली हातातसुद्धा घेतली नाही. "नोएलीचं आहे ते."

"नोएलीनं आणलेलं, माहितीय."

"आणलेलं नाही रे. केलेलं."

एमेनं बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचलं.

"पहिली बाटली खरी होती," सोलांज म्हणाली. "तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाची. तुला इतकी आवडली की जिन्यातल्या शेजाऱ्यांना तू मनगट हुंगायला लावलंस. आणि तिचं त्यानं डोकं उठायचं. महिनाभर सोसलं तिनं. मग आमच्याकडे नमुने उरायचे, त्यातलं तिनं मिसळायला घेतलं. साहेब म्हणाले, न्या, नाहीतर ओतूनच द्यायचंय."

"आणि मला कळलं नाही?"

"कसं कळेल? दर महिन्याला तिचं चमचाभर जास्त, त्यांचं चमचाभर कमी. वर्षभरात आत रिव्होआलचा थेंब उरला नव्हता."

"मला सांगायचं ना."

"सांगणारच होती. पण तोवर तू टपाल कचेरीत सगळ्यांना सांगत सुटला होतास, रिव्होआलसारखं दुसरं सेंट नाही. ती म्हणाली, राहू दे, खूश आहे."

"म्हणजे तुम्ही सगळ्याजणी हसत होता मला."

"मी एकटी. तेही पहिली दोनच वर्षं."

एमेनं हातातला तुकडा काउंटरवर ठेवला. "मग सत्तावीस वर्षं मला आवडत काय होतं?" तो म्हणाला.

नोएलीनं काही लिहून ठेवलं नव्हतं. सोलांजनं तीन रविवार आपल्या स्वयंपाकघरात तो वास जमवायची खटपट केली. तिसऱ्यांदा वास जवळपास आला, पण कातडीवर टिकेना. एमेनं ती कुपी ठेवून घेतली, तिचे आभार मानले आणि आता पुरे म्हणाला.

जानेवारीत तो एकटा आला. "ते खरं रिव्होआल मला नीट दाखवा," तो म्हणाला. "कशासारखं आहे, कशासारखं नाही, ते सोडून."

मी कागदाच्या पट्टीवर आणि त्याच्या मनगटावर लावलं, आणि तासभर बोलू नका म्हणून बजावलं. आधी लॅव्हेंडर आणि लिंबाची धार असते, ती बसू द्यावी लागते. मग जिरेनियम वर येतं. शेवटी दगडफूल आणि थोडं चामडं राहतं, सावलीतल्या ओल्या दगडासारखं थंड. एमे स्टुलावर डोळे मिटून बसला होता. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"चांगलं आहे हो हे," तो शेवटी म्हणाला, जरा अपराध्यासारखा. "फार चांगलं आहे. जन्मभर याची तारीफ केली आणि वास नीट आज घेतला."

"घेताय का मग?"

"तिला सोसत नव्हतं."

"मग नका घेऊ."

"पण मला आवडतंय."

मी मोठी आणि छोटी अशा दोन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. त्यानं छोटी बाटली घेतली.

आता तो कधी रिव्होआल लावून येतो आणि म्हणतो, आज बरोबर वाटतंय. पुढच्या आठवड्यात हात माझ्यापुढे करतो आणि म्हणतो, हा कुणा परक्याचा हात आहे. गेल्या गुरुवारी त्यानं विचारलं, एका मनगटावर सोलांजच्या कुपीतलं आणि दुसऱ्यावर हे, असं चालतं का. मी म्हटलं, न चालायला काय झालं. तो दारात एकेक मनगट उलटून पाहत राहिला, कुठल्या हाताला कुठलं याचा विचार करत असावा. मग पाव आणायला गेला.