उजवीकडचा खिळा

पहिल्या भागात मी माझ्या बाबांना कोयत्यानं मारलं. जंगलात राहणाऱ्या वेड्या बाईचं काम माझ्याकडे होतं, कारण केस पिंजारून चिखलात बसायला आमच्यापैकी दुसरं कुणी तयार नव्हतं. बाबा होते नायकाचे वडील, हरवलेल्या मुलाला शोधत जंगलात आलेले. जंगल म्हणजे अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीमागची झुडपं. कॅमेरा जरा वर गेला की कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या, म्हणून अख्खा सिनेमा वाकून काढलाय. बघणाऱ्यांना ती शैली वाटली.

बाबा मात्र झकास मेले. जन्मभर कारकुनी केली, आणि ऑफिसच्या नाटकात कायम हवालदार नाहीतर ‘दुसरा गृहस्थ’. इथे पहिल्यांदाच कॅमेरा त्यांच्यावर थांबला. पडले, उठले, दिग्दर्शकाला “बरं झालं का रे?” विचारलं आणि पुन्हा पडले. आमच्या परळच्या चाळीत पडदा लावून सिनेमा दाखवला तेव्हा त्यांच्या मरणाला टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माणूस बिघडला.

दुसरा भाग करायचं ठरलं तसे ते दिग्दर्शकाच्या मागेच लागले. हा माझा कॉलेजातला मित्र, एरवी विम्याच्या ऑफिसात बसतो.

“काका, तुम्ही गेलात ना पहिल्या भागात,” तो म्हणाला.

“अरे, भुताचा सिनेमा ना? मग मेलेल्यानं नाही यायचं तर कुणी यायचं?”

बिनतोड होतं. पण तो म्हणाला, त्या बाईनं मारलेले सगळेच परत यायला लागले तर गर्दी होईल, आणि एवढ्यांना वडापाव कुठून आणू? त्या रात्री जेवताना बाबांनी आमटी परत मागितली नाही. मला फार वाईट वाटलं. या माणसानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

शेवटी मित्रानंच तोड काढली. नायकाच्या घरचा प्रसंग आमच्याच खोलीत घ्यायचा, आणि भिंतीवर बाबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. कॅमेरा आधी फोटोवर, मग नायकावर. बाबा लगेच दाढी करून, लग्नातला कोट घालून फोटो काढून आले.

आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिनं विळी आडवी केली.

“जित्या माणसाच्या फोटोला हार? माझ्या घरात? डोकं फिरलंय का तुमचं?”

“अगं, खोटं असतं ते सगळं.”

“मग मी पण खोटं खोटं कुंकू पुसून बसते. घ्या सिनेमात.”

पुढे ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही. आमच्या घरात ही जास्त काळजीची गोष्ट.

शूटिंगच्या सकाळी मित्र भिंतीत खिळा ठोकत होता. आई आतून स्वतःचा फोटो घेऊन आली, माझ्या मावसभावाच्या लग्नातला, नथ घातलेला.

“दोन खिळे ठोक. माझाही लाव. आणि आधी माझ्या फोटोला हार घाला.”

“काकू, तुम्ही कुठे आहात सिनेमात?”

“तेच म्हणतेय मी. हे मेले तेव्हा बायको कुठे दिसली का रडताना? नाही ना? म्हणजे ती आधीच गेलेली. मी सवाष्ण गेले. आता ह्यांना काय हार घालायचे ते घाला.”

मित्र जरा विचार करून म्हणाला, कथेत बसतंय.

आईच्या फोटोला हार घालायला मला सांगितलं. बापावर कोयता चालवताना माझा हात हलला नव्हता, इथे मात्र हार दोनदा खाली पडला. कसाबसा घातला. बाबा दारात उभे होते, केस विंचरून, पावडर लावून. फोटोकडे बघत राहिले. मग पुढे आले, आईच्या फोटोचा हार काढला, फोटो उतरवला, कोटाच्या बाहीनं काच पुसली आणि बगलेत धरला.

“काका, तुमचा तरी—”

“नको. काढून टाक माझं काम.” आणि आईला म्हणाले, “पुन्हा असला चावटपणा करायचा नाही, सांगून ठेवतो.”

“नाटकं कुणाची चालली होती इतके दिवस?” आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

भिंत तर घ्यायचीच होती. कॅमेरा मोकळ्या भिंतीवरून नायकावर गेला. त्यात ते दोन खिळे आले.

दुसरा भाग गिरगावात एका छोट्या हॉलमध्ये दाखवला. बाबा, आई, मी आणि शेजारचे काका एका रांगेत. तो प्रसंग आला तसं बाबांनी काकांना कोपर मारलं.

“तो उजवीकडचा खिळा बघितलात? तो मी.”

“वा! आणि डावीकडचा?”

बाबांनी आईकडे एकदा बघून घेतलं.

“तो कुणी नाही हो. नुसता खिळा आहे.”