वाकड्या डोळ्यांची भुतं

भूतमावशींना कोणतीही गोष्ट सरळ ठेवता येत नसे. डब्याचं झाकण तिरकं, भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिरकी, ओढणीची पिन तिरकी. केळ्याच्या भुताला त्यांनी लावलेले मनुकांचे डोळे तर हमखास एक वर, एक खाली. त्यामुळे त्यांचं प्रत्येक भूत कसल्याशा विचारात पडल्यासारखं दिसायचं. अशा एका भुतासाठी माझी मुलगी ईरा वाढलेलं ताट सोडून जिना उतरायची.

आखातातल्या जुफैरच्या आमच्या इमारतीत त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मूळच्या अकोल्याच्या, यजमान एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. त्या इथे आल्या त्याच वर्षी, हॅलोविनच्या संध्याकाळी, मुखवटे घातलेली मुलं खाऊ मागत त्यांच्या दाराशी उभी राहिली. हा प्रकार मावशींना ठाऊक नव्हता. मुलांच्या मागे मी होते. त्यांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "भुकेजले दिसता रे पोट्टेहो. बसा." घरात चॉकलेट नव्हतं. त्यांनी केळी सोलून अर्धी केली, बशीत उभी केली आणि त्यांना मनुका चिकटवल्या. "हे घ्या भूत. भुताले भ्याचं नाई, खाऊन टाकाचं." घरी केळ्याला हात न लावणाऱ्या ईरानं दोन भुतं खाल्ली.

पुढच्या वर्षी त्यांना कळलं, की काही घरांत भोपळा कोरून आतला गर टाकून देतात. "कोहळं आणता अन् कोहळंच फेकता?" असं म्हणून त्या तो गर मागून आणू लागल्या. गूळ-कणीक घालून त्याच्या पुऱ्या करायच्या आणि पुऱ्यांना नाक-डोळे काढायच्या. मेथीच्या पराठ्याची वटवाघळं व्हायची, खजुराला गाजराचे पाय लावले की कोळी. "यल्ला, चला, हात धुवा," अशी त्यांची इथल्या अरबीची भेसळ असलेली हाक आली की सगळ्या मजल्यांवरची मुलं तिथे जमायची.

मुलांच्या आहारावरची पुस्तकं मी वाचत होते. एका वर्षी मीही साचा आणून गाजराचे छोटे भोपळे कापले, त्यांना काळ्या तिळांचे अगदी सारखे डोळे लावले. ईरानं एक चावला आणि म्हणाली, "इट्स ओके, मम्मा." थोड्या वेळानं तिला आणायला खाली गेले, तर दारातूनच तिचा आवाज ऐकू आला, "मावशी, मले अजून दे ना. मी सगळं खातो."

मी जिन्यातच थांबले. रोज झोपताना मी तिला मराठी गोष्ट वाचून दाखवत असे आणि ती प्रश्न विचारी ते इंग्रजीत. खाली मात्र ती घडाघडा बोलत होती, तेही वऱ्हाडी. पुढे ती भोपळ्याला कोहळं म्हणू लागली. मी "भोपळा म्हण" म्हटलं, तर म्हणाली, "दॅट्स युअर वर्ड."

एकदा मी मावशींना हसत म्हटलं, "आता हिला तुम्हीच ठेवून घ्या." माझं हसू खरं नव्हतं.

"ठेवली असती वो ताई," त्या हात पुसत म्हणाल्या. "पण आठ वाजले का थे दाराकडे पाहाले लागते, माय आली का म्हणून. माहा पोरगा तिकडे आजीजवळ वाढला. फोनवर 'बरी हायेस का' विचारते, अन् फोन आजीले देते. तुमचा हेवा वाटते मले."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण ईराची चाटूनपुसून साफ केलेली बशी माझ्या समोर होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा आजार कळला आणि त्या उपचारांसाठी अकोल्याला निघाल्या. लिफ्टपाशी ईरानं विचारलं, "हॅलोविनले येशील?"

"येतो ना वो माय. कोहळं आणून ठेव."

कोहळं आणण्याआधीच मावशी गेल्याचा त्यांच्या यजमानांचा निरोप आला. ईरा घरात रडली नाही. खाली जाऊन त्यांच्या बंद दाराशी बसून रडली. मी तिच्या शेजारी बसले, तेव्हा ती थोडी सरकली. मला जागा दिली की माझ्यापासून लांब झाली, ते मला अजून उमगलेलं नाही. मलाही रडू येत होतं. पण त्या दारासमोर ते मला उसनं वाटत होतं.

यंदा हॅलोविनला ईरा केळी घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मी एक भूत केलं. तिनं त्याच्या डाव्या डोळ्याची मनुका काढून जरा वर चिकटवली. "आता मावशीचं झालं," ती म्हणाली आणि तिनं ते वेगळ्या बशीत ठेवलं.

दुसऱ्या भुताचे डोळे मी स्वतःच वाकडे बसवले. ईरानं ते निरखून पाहिलं आणि बोटानं आणखी थोडे हलवले.