ठकीला लाज नाही

आमच्या ठकी मांजरीला भूक लागली की ती चुलीपाशी येऊन ओरडते. आज दूधभात दिला, तर तिने नुसता वास घेतला, पंजाने ताटली बाजूला सारली आणि माझ्याकडे बघत बसली. तिला सुकट हवी होती.

सूनबाई हसली. "आई, ही तर रुसलेली विहीणच! मानपान झाल्याशिवाय घास घ्यायची नाही."

मी सुकट भाजून भातात कुसकरली, तेव्हा कुठे बाईसाहेब जेवल्या. मला तिचा राग येत नाही, कौतुकच वाटतं. भूक लागली तर लागली म्हणते, आवडलं नाही तर तेही सांगते. मी आधी नको म्हणते आणि कुणी पुन्हा विचारलं नाही की अर्धपोटी उठते. स्वतःच्या घरातसुद्धा. ठकीला आग्रह लागत नाही. म्हणून तिचा मान कुठे कमी झालाय?

संध्याकाळी सूनबाईने विचारलं, "भात वाढू?" माझा हात सवयीने ताटावर गेला. तो मी मागे घेतला.

"वाढ. वरणही जरा जास्त घाल."

तिचा डाव हातातच राहिला. "अगंबाई! आई, तुम्हाला आणखी हवा असतो, हे मला माहीतच नव्हतं."