अक्कांचं तोंड आलं होतं...

होळी उलटून गेल्यावरचा रविवार. माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या सगळ्यांच्या अक्का, फुलंब्रीहून सिडकोतल्या आमच्या घरी आल्या. जेवायला बसल्या आणि चक्क दूध-भाकरी मागितली...

मी लग्न होऊन आल्यापासून ठेच्याशिवाय जेवणाऱ्या अक्का पाहिल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तोंड आलंय. उष्णता झाली लई."

तोंड येणं हा आपल्याकडे आजार नसतोच. सब्जा प्या, गुलकंद खा, जागरण करू नका... अक्कांचं ते सगळं करून झालं होतं. कधीपासून आहे म्हटलं, तर उत्तर आलं, "दिवाळीचा चिवडा झोंबत व्हता बघ. पण दुखत नाय."

दिवाळी ते होळी. मी दुसऱ्या दिवशी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं, म्हणजे जवळजवळ ओढतच. "दात ठणठणीत हायेत माझे," हे रस्ताभर ऐकलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, तंबाखू, गुटखा, सुपारी, काही सवय? अक्का रागावल्याच. "आमच्या घरात बाया तंबाखू खात नाय." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या हो...

बाईंनी खालचा ओठ ओढून बॅटरीनं आत पाहिलं. मग साध्या आवाजात विचारलं, "दात कशानं घासता?"

"मिसरीनं. आन् कशानं?"

मिसरी म्हणजे तव्यावर जाळलेली तंबाखूच. पण आपल्या बायकांच्या हिशेबात ती दंतमंजनात मोडते. अक्का सकाळी लावतात, जेवण झाल्यावर लावतात, दिवेलागणीला पुन्हा लावतात. मीही हे इतकी वर्षं बघतेय, आणि मलाही ते कधी व्यसन वाटलं नाही.

ओठाच्या आत, जिथं बोट रोज फिरतं तिथंच, पांढरट खरखरीत चट्टा होता. बाईंनी समजावलं... तिथली कातडी रोज भाजते आणि शरीर ती रोज नव्यानं भरून काढतं. असं वर्षानुवर्षं करताना कधीतरी एखादी पेशी चुकीची तयार होते. मग तशाच आणखी होत जातात, आणि त्या थांबायचं विसरल्या की त्याला कॅन्सर म्हणतात. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणसं उशिरा येतात. आलेलं तोंड दोन-तीन आठवड्यांत बरं झालं नाही, तर दाखवायलाच हवं.

आता चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायचा होता. अक्का खुर्चीवरून उठल्याच. "हत्यार लागलं की पसरतंय म्हणत्यात." बाई म्हणाल्या, "तपासल्यानं पसरत नाही, अक्का. न तपासता ठेवलं तर वाढू शकतं." अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली आणि त्यांना हाताला धरून पुन्हा खुर्चीवर बसवलं.

रिपोर्ट येईपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. अक्का मात्र बसून माझे गहू निवडत होत्या. एकदाच म्हणाल्या, "नातीचं लगीन बघायचंय गं मला."

रिपोर्ट आला... कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, म्हणजे वेळेत आलो होतो. चट्टा काढून टाकला. मिसरी कायमची बंद, आणि सांगतील तेव्हा तपासणीला यायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

गावी जाताना अक्कांची अडचण वेगळीच. "मिसरी सुटंल गं. पण सकाळी वट्ट्यावर बायांत काय म्हणून बसू?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मिसरीची डबी फिरते, तेवढाच काय तो त्या बायकांचा निवांत वेळ.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. आता त्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसतात म्हणे. बायका हसल्या, तर अक्कांनी एकेकीला उन्हात उभं केलं आणि तोंड उघडायला लावलं.

शेजारच्या शमीमभाभींच्या गालात तसाच पांढरा डाग दिसला. "भाभी यायला नाय म्हणतीय, तिला उष्णताच वाटतीय," अक्का म्हणाल्या. "मी तिला घिऊन उद्या पहिल्या गाडीनं येतीय. डॉक्टरबाईला सांगून ठेव."

सांगून ठेवलंय, अक्का... या.