गुलाबांखालचं अंगण

२००४ साली मी अमेरिकेत हर्नडनला राहत होते आणि मला नोकरी करायला बंदी होती. नवऱ्याचा व्हिसा कामाचा, माझा त्याच्यामागून आलेल्या बायकोचा. पुरातत्त्वात एम.ए. केलेली मी दिवसभर खिडकीतून पार्किंग बघत बसायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. मी मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली, मग अक्षर आवडलं नाही म्हणून काढून पुन्हा लावली.

मराठी मंडळाच्या जेवणात मावशी भेटल्या. नात्यातल्या नव्हेत, पण सगळेच त्यांना मावशी म्हणत. तीस वर्षं अमेरिकेत, बागांचे आराखडे काढण्याचा व्यवसाय. आमच्यापासून अर्ध्या तासावर शेतांच्या मधोमध एका जमीनदाराचं दोनशे वर्षांचं घर होतं. त्याची जुनी बाग पुन्हा उभी करायचं घाटत होतं, आणि त्या कमिटीत मावशी एकट्याच देशी होत्या.

"एम.ए. करून घरी बसलीयेस? बाग लावायच्या आधी आम्ही तिथे खणून बघतोय. शनिवारी तुला पिकअप करते."

त्या दिवशी मला त्या सख्ख्या मावशीहून जवळच्या वाटल्या. हे मुद्दाम लिहून ठेवते.

आम्हाला दिलेली जागा घराच्या मागे होती, स्वयंपाकघराच्या पलीकडे. तिथे गुलामांच्या झोपड्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. कमिटीला तिथे गुलाबाची बाग हवी होती. तिचा आराखडा मावशींनीच काढला होता. जमिनीत जपण्यासारखं काही निघालं तर गुलाब दुसरीकडे न्यायचे, असं ठरलं होतं.

पहिल्या शनिवारी मी चौकोनी खड्ड्यात गुडघे टेकून थापीने माती खरवडली. वीतभर खाली दगडासारखा घट्ट थर लागला. त्यात खिळा नाही, खापर नाही, कोळशाचा तुकडाही नाही. नियमाप्रमाणे मी कागद भरला: 'मधे काहीही नाही. घट्ट, रिकामी माती.' खाली सही केली.

तिसऱ्या शनिवारी त्याच थराच्या कडेला खणायला घेतलं, आणि तिथे सगळं होतं. फुटक्या बशा, कोंबडीची हाडं, हाडाची बटणं, एक निळा मणी. सगळं एका पट्ट्यात साचलेलं. मी थापी खाली ठेवली. नागपूरला आई रोज खराट्याने अंगण झाडायची. जिथे रोज खराटा फिरतो तिथे मधे काही उरत नाही, कचरा कडेला जातो आणि जमीन टणक होते. ती माती रिकामी नव्हतीच. दिवसभर मालकाची बाग राखून आलेलं कुणीतरी स्वतःचं दार रोज झाडत होतं. आणि मी, झाडलेल्या अंगणात वाढलेली, 'काहीही नाही' लिहून मोकळी झाले होते.

मावशींना हाक मारली. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि त्या थरावर अनवाणी उभ्या राहिल्या.

"अगं, हे तर अंगण आहे," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमच्या सांगलीच्या घराचं अस्संच होतं. पायाला कळतं बघ."

"मग गुलाब?"

"गुलाब हलवू. तू सगळं डिटेलमध्ये लिही. मी स्वतः कमिटीला प्रेझेंट करते."

मी चार पानं लिहिली. पहिला कागद चुकीचा होता हेही लिहिलं, आणि निघालेल्या वस्तूंसकट सगळं मावशींकडे दिलं. अमेरिकेत आल्यापासून मला काहीतरी येतं असं पहिल्यांदाच वाटत होतं. मावशींच्या हातात द्यायच्या कागदांची झेरॉक्स कोण काढून ठेवतं? मीही काढली नाही.

हिवाळाभर मी फोन करत राहिले. "मीटिंग पोस्टपोन झाली गं," मावशी म्हणायच्या. मग वसंतात आमंत्रण आलं. बागेच्या उद्घाटनाचं.

आम्ही दोघं गेलो. त्या अंगणावर गुलाब लागले होते, ओळीत, मावशींच्या आराखड्याबरहुकूम. शेजारी फलक होता: उत्खननात इथे वस्तीच्या खुणा आढळल्या नाहीत. खाली काचेआड पुरावा म्हणून एक कागद. माझा पहिला कागद, माझ्या सहीसकट.

मावशी पाहुण्यांना झाडांची नावं सांगत होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"मावशी, माझी चार पानं कुठे आहेत?"

"अगं, समजून घे ना. सगळं फायनल झालं होतं. आणि बशा-हाडं काय, कुठेही निघतात; अंगणाला प्रूफ काय? आपल्याला वाटतं म्हणून?"

"तुम्ही त्याच्यावर उभ्या होतात. अनवाणी."

त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बोर्डवर तुझाच कागद लावायला मी सांगितलं. किती सुरेख अक्षर आहे तुझं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. कमिटीने मला फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन विसरले असते. पण त्या बाईच्या पायाला कळलं होतं.

नवऱ्याला मी तोवर त्या अंगणाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. तो कॅमेरा घेऊन धावत आला. "यार, तुझं हँडरायटिंग चक्क डिस्प्लेवर? उभी राहा ना बाजूला. मावशी, तुम्हीपण या."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मावशींचा हात माझ्या खांद्यावर आहे, मागे गुलाब आहेत, आणि मी हसते आहे.