घटकेची वाटी

माझ्या थोरल्या जावेला रोज सकाळी दोन घटका मिळत आणि मला मिळत नसत. माझ्या सगळ्या जळफळाटाचं मूळ एवढंच.

महाराज गादीवर आल्याला तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापुरात आमचं जैनाचं घर, गुळाचा व्यापार. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि आमच्यावर सासूबाई. थोरलीला मी अक्का म्हणायची, सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई. तांबडं फुटलं की अक्का आंघोळ करी, केस विंचरी, तळपायांना तेलाचं बोट चोळी, धुतलेलं लुगडं नेसे आणि चटई टाकून सामायिकाला, म्हणजे आम्हा जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसे. डोळे मिटलेले, हलणं नाही, बोलणं नाही. तेवढ्या दोन घटका घरात कुणी तिला हाक मारायची नाही. सासूबाईसुद्धा मारत नसत.

वेळ मोजायला तांब्याची एक वाटी होती, तळाला बारीक भोक पाडलेली. पाण्याच्या घंगाळात सोडली की ती सावकाश भरे आणि घटका झाली की टणकन तळाशी जाई. मग उपसून पुन्हा सोडायची. दुसऱ्यांदा बुडाली की अक्का उठे. हे वाटी सोडायचं काम माझ्याकडे. म्हणजे मी पाणी गाळायचं, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या आणि वर हिच्या शांतीची राखणही करायची!

"मीबी बसते की," असं एकदा सासूबाईंना म्हणून पाहिलं.

"मग चूल काय आपसूक पेटती व्हय?" त्या कडाडल्या. "ती माहेरापास्नं बसतीया. तू माहेरी काय करत हुतीस, ठावं हाय मला."

मी माहेरी झोपत होते, हे खरं. पण म्हणून काय जन्मभर चुलीतच डोकं घालायचं?

अक्काला टोमणा मारल्याशिवाय मला राहवेना. म्हटलं, "अक्का, डोळं मिटून बसायला एवढं तेलफणी कशाला गं?"

ती हसली. "समई लावायच्या आधी घासतीस का न्हाय? अंगबी तसंच. त्याची हेळसांड करून आत उजेड पडत न्हाय."

मला त्याचाही राग आला, कारण ती बरोबर बोलली होती. चटईवरून उठताना तिचा चेहरा इतका निवांत असे की माझा तिळपापड होई. तो निवांतपणा मला हवा होता. आणि मला मिळणार नसेल, तर तिलाही मिळू नये असं वाटायचं. लपवू कशाला?

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी दाभण घेतलं आणि वाटीचं भोक थोडं रुंद केलं.

दुसऱ्या दिवशी वाटी निम्म्या वेळात बुडाली. दुसऱ्यांदा टण झाल्यावर अक्कानं डोळे उघडले, वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चटई गुंडाळली आणि माझ्या शेजारी येऊन पीठ मळायला बसली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. पण तिचा चेहरा तसाच होता, रोजच्यासारखा.

महिन्याभरानं मी पुन्हा दाभण चालवलं. आता दोन भाकऱ्या होतात न होतात तोच अक्काचं सामायिक संपायला लागलं. चेहरा मात्र तोच. वर मलाच म्हणायची, "येळ उरलाय, बस खाली. केसांत किती गुंता झालाय बघ." आणि माझ्या डोक्यात तेल जिरवत बसायची. तिची बोटं थंड लागत आणि माझं डोकं आतून पेटलेलं असे.

पुढे महाराजांनी गावाबाहेर वसवलेल्या नव्या पेठेत थोरल्या दिरांनी दुकान काढलं आणि बिऱ्हाडही तिकडेच न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी गाडी भरून झाल्यावर अक्का आत आली. तिनं वाटी माझ्या हातात ठेवली.

"आता तू बसत जा. आत्याबाईस्नी मी सांगितलंय, त्या चूल बघतील."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"आधी तांबटाकडनं डाग देऊन भोक बारीक करून घे. मला तेवढ्यात भागत हुतं. तुला न्हाय भागायचं."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले तरी असते.

मी दुसऱ्याच दिवशी तांबट गाठला. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी रोज आंघोळ करते, केस विंचरते, तळपायांना तेल लावते आणि चटईवर बसते. वाटी नीट दोन घटका देते. त्यातली पहिली घटका अजून अक्काचा हेवा करण्यातच जाते.